‘पुस्तक बाहेर गेले आहे’

प्रश्न :

सप्रेम नमस्कार.

मी एका लहान सार्वजनिक ग्रंथालयात अकरा वर्षांपासून ग्रंथपाल आहे. गेल्या महिन्यात पंधरा-वीस सभासदांनी सह्या करून एक निवेदन दिले. आमच्याकडील एका कादंबरीत त्यांच्या श्रद्धांची टवाळी केली आहे आणि काही प्रसंग अश्लील आहेत, म्हणून ती कादंबरी आणि त्याच लेखकाची आणखी दोन पुस्तके ग्रंथालयातून काढून टाकावीत, अशी त्यांची मागणी आहे. व्यवस्थापन मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘हा विषय बैठकीत नको. तुम्ही ती पुस्तके आतल्या कपाटात ठेवून द्या. महिन्या-दोन महिन्यांत सगळे विसरतील.’ मी तसे केले.

चार दिवसांनी एक महाविद्यालयीन मुलगी नेमकी तीच कादंबरी मागायला आली. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, पुस्तक उपलब्ध दिसत होते. मी तिला सांगितले, ‘पुस्तक बाहेर गेले आहे.’ ती ‘बरं, पुन्हा येईन’ म्हणून गेली. तेव्हापासून मला चैन पडत नाही. मी कादंबरी वाचली आहे आणि खरे सांगायचे तर मलाही ती आवडलेली नाही. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिने ती इतक्यात वाचू नये असे मलाही वाटते. मग निवेदन देणाऱ्यांचे चुकले कुठे? आणि मी एकटीने काय करायचे? नोकरी गमावणे मला परवडणारे नाही.

— एक ग्रंथपाल

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात अनेक प्रश्न आहेत, पण ते वाचताना माझे मन प्रत्येक वेळी त्या मुलीपाशी जाऊन थांबले. तुमचेही तिथेच अडकले आहे, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलेत. निवेदन आले तेव्हा तुम्ही गोंधळलात, ज्येष्ठ सदस्यांनी सुचवले तेव्हा निमूटपणे ऐकलेत. पण चैन गेली ती ‘पुस्तक बाहेर गेले आहे’ हे चार शब्द तोंडून निघाल्यावर. देवघेवीच्या खिडकीपलीकडे उभा असलेला वाचक ग्रंथपालाच्या शब्दावर शंका घेत नाही. पुस्तक नाही म्हटले की तो मुकाट्याने परत जातो. तुमच्या हाती असलेला अधिकार एवढाच आहे, आणि त्याचा वापर चुकीच्या बाजूने झाला हे तुम्हाला आतून कळले आहे. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. याच अस्वस्थतेच्या आधाराने पुढचे सगळे करता येईल, म्हणून लिहिते आहे.

आधी कपाटाबद्दल बोलू. बंदी घातलेले पुस्तक आणि कपाटात ठेवलेले पुस्तक यांत फरक आहे, आणि माझ्या मते कपाट हे बंदीपेक्षा अधिक घातक आहे. पुस्तक उघडपणे काढले तर त्या निर्णयाला तारीख असते, कारण असते, इतिवृत्तात नोंद असते आणि खाली कोणाची तरी सही असते. त्या निर्णयाला विरोध करता येतो, त्याविरुद्ध अपील करता येते, पुढे कधीतरी तो फिरवताही येतो. कपाटात ठेवलेल्या पुस्तकाबाबत कोणी काही ठरवलेलेच नसते, त्यामुळे फिरवण्यासारखा निर्णयच अस्तित्वात नसतो. दाखल नोंदवहीत पुस्तक आहे, तालिकेत ते उपलब्ध आहे, मांडणीवर मात्र त्याची जागा रिकामी आहे. वाचकाला आपल्यावर अन्याय झाला हे समजतसुद्धा नाही. आणि ज्यांनी हा मार्ग सुचवला त्यांच्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. उद्या कोणी विचारले तर ‘मी असे काही सांगितले नव्हते’ असे ते म्हणू शकतात, आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे.

म्हणून पहिले काम हे करा. मंडळाचा एक सदस्य म्हणजे मंडळ नव्हे आणि त्यांनी बाजूला घेऊन दिलेला सल्ला हा मंडळाचा आदेश नव्हे. तिन्ही पुस्तके त्यांच्या जागी परत लावा, आणि त्याच दिवशी अध्यक्ष व सचिव यांच्या नावे एक साधे पत्र द्या. अमुक तारखेला निवेदन मिळाले, त्याची प्रत सोबत जोडली आहे. या संदर्भात अमुक सदस्यांनी पुस्तके बाजूला ठेवण्याची तोंडी सूचना केली होती व त्यानुसार ती इतके दिवस मांडणीवर नव्हती. मंडळाचा लेखी निर्णय नसल्यामुळे ती आज पूर्ववत ठेवली आहेत. निवेदनाचा विचार येत्या बैठकीत व्हावा अशी विनंती आहे. एवढेच लिहा. त्यात तक्रारीचा सूर नको, तत्त्वज्ञान नको, आणि स्वतःची चूक झाकण्याचा प्रयत्नही नको. पत्र देण्याआधी त्या ज्येष्ठ सदस्यांना भेटून आपण असे पत्र देत आहोत हे अवश्य सांगा. त्यांनी कदाचित वाद टाळावा एवढ्याच सद्हेतूने सुचवले असेल, आणि आपल्या पाठीमागे काही घडले असे त्यांना वाटू नये. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.

या कपाटाचा मोह तुम्हालाच पडला असे समजू नका. मार्जोरी फिस्क या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील शालेय व सार्वजनिक ग्रंथपालांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांचा अभ्यास 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. पुस्तकनिवडीत ज्यांचा सहभाग होता त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश ग्रंथपालांनी, एखादे पुस्तक वा लेखक वादग्रस्त आहे म्हणून ते पुस्तक न घेतल्याचे प्रसंग आपल्या हातून घडल्याचे मान्य केले. बाहेरचा दबाव प्रत्यक्ष येण्याची वाटही अनेकांनी पाहिली नव्हती. तो येईल या भीतीनेच काम झाले होते. हे मला परके वाटत नाही. मीही बरीच वर्षे देवघेवीच्या खिडकीमागे बसले आहे, आणि एका वर्षी खरेदीच्या यादीतून मी एका आत्मचरित्राचे नाव स्वतःच्या हाताने खोडले. कोणी काही म्हटले नव्हते. ‘उगाच कशाला’ एवढाच विचार मनात होता. ते पुस्तक आमच्याकडे कधीच आले नाही, त्यामुळे ते कोणी मागितलेही नाही, आणि कोणाचे काय राहून गेले हे मला आजवर कळलेले नाही. तुमच्या बाबतीत निदान ती मुलगी समोर येऊन उभी राहिली.

आता तुमचा खरा प्रश्न : निवेदन देणाऱ्यांचे चुकले कुठे? त्यांनी निवेदन दिले यात काहीही चूक नाही. सभासदाला एखादे पुस्तक खटकले तर ते सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य लेखकाला आहे तसेच त्या लेखकावर संतापलेल्या वाचकालाही आहे. त्यांना ग्रंथालयाचे शत्रू समजू नका. पुस्तकातील शब्दांनी माणसे दुखावतात, कारण शब्दांना बळ असते; त्याच बळासाठी आपण ग्रंथालये चालवतो, तेव्हा त्यांच्या दुखावले जाण्याला खोटे म्हणणे आपल्याला शोभणार नाही. त्यांनी पुस्तक वाचू नये, घरात आणू नये, त्यावर कडक टीका लिहावी, सभा घेऊन त्याविरुद्ध बोलावे, हे सारे त्यांच्या हक्कात बसते. मात्र ‘आम्ही वाचणार नाही’ हे वाक्य ‘कोणीच वाचू नये’ इथवर गेले की त्यांचा हक्क संपतो आणि दुसऱ्याच्या हक्काला हात लागतो.

तो दुसऱ्याचा हक्क नीट समजून घेतला पाहिजे, कारण बैठकीत बोलण्याची वेळ आली तर तुम्हाला तोच मांडावा लागणार आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लेखक येतो, आणि मग ‘एका लेखकासाठी एवढ्या लोकांना का दुखवायचे’ असा हिशेब मांडला जातो. 10 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील एकोणिसाव्या कलमात मात्र माहिती व कल्पना इतरांपर्यंत पोचवण्याच्या हक्काबरोबरच त्या शोधण्याचा आणि मिळवण्याचा हक्कही नोंदवलेला आहे. शोधणारी आणि मिळवणारी व्यक्ती म्हणजे तुमच्या खिडकीपाशी आलेली ती मुलगी. लेखकाने पुस्तक लिहिले, प्रकाशकाने छापले, ग्रंथालयाने विकत घेतले, आणि तरीही ते तिच्या हाती पडले नाही, तर या साखळीतील शेवटची कडी तुटलेली असते. ‘प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक’ ही भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या 1931च्या पाच सूत्रांपैकी दोन सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेसाठी तुम्ही पाठ केली असतील. ती या प्रसंगासाठीच आहेत असे समजा. सार्वजनिक ग्रंथालयांविषयीच्या युनेस्कोच्या 1994च्या जाहीरनाम्यात तर स्पष्ट म्हटले आहे की ग्रंथसंग्रह व सेवा यांवर वैचारिक, राजकीय वा धार्मिक स्वरूपाचे कोणतेही नियंत्रण असू नये, आणि व्यापारी दबावही असू नये.

निवेदनातील आणखी एका गोष्टीकडे मंडळाचे लक्ष वेधा. आक्षेप एका कादंबरीतील मजकुरावर आहे, पण मागणी तीन पुस्तके काढण्याची आहे. उरलेल्या दोन पुस्तकांत नेमके काय आक्षेपार्ह आहे, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तो निवेदनातही नसेल, तर हा आक्षेप पुस्तकावरचा न राहता माणसावरचा झाला आहे. एखाद्या लेखकाचे नावच मांडणीवर नको असे म्हणणे आणि एखाद्या पुस्तकातील मजकुराबद्दल तक्रार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा विचार करता येतो, पहिलीचा करू नये.

याचा अर्थ या स्वातंत्र्याला काही मर्यादाच नाहीत असा नव्हे. नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या 1966च्या आंतरराष्ट्रीय करारातही मर्यादा मान्य केल्या आहेत : इतरांचे हक्क व प्रतिष्ठा, राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य आणि नीतिमत्ता. पण त्याच कलमात दोन अटी आहेत. निर्बंध कायद्याने घातलेला असला पाहिजे, आणि तो आवश्यक असला पाहिजे. एखाद्या पुस्तकाविरुद्ध न्यायालयाचा आदेश असेल किंवा कायद्यानुसार निघालेली अधिसूचना असेल, तर ती तुम्हाला पाळावीच लागेल, आणि ती आहे की नाही याची खात्री तुम्ही करून घ्यावी. तसे काही नसेल तर वीस सह्या म्हणजे कायदा नव्हे. दोनशे असत्या तरीही उत्तर हेच असते, कारण ग्रंथालयात बहुमताने आवडलेलीच पुस्तके ठेवायची ठरवली तर नव्या विचाराचे एकही पुस्तक तिथे टिकणार नाही. नवा विचार सुरुवातीला थोड्यांचाच असतो.

अमेरिकेतील एक खटला इथे उपयोगी पडेल. तेथील कायदा आपल्याला लागू नाही, पण त्यातील विचार मोलाचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज नावाच्या शाळा-मंडळाने 1976 मध्ये काही पुस्तके शाळांच्या ग्रंथालयांतून काढली. एका परिषदेत हाती आलेल्या आक्षेपार्ह पुस्तकांच्या यादीवरून हे सुरू झाले होते. मंडळाने स्वतःच नेमलेल्या समितीने त्यांतील काही पुस्तके ठेवावीत असे सांगितले, ते मंडळाने मानले नाही. स्टीव्हन पिको आणि त्याच्याबरोबरचे काही विद्यार्थी न्यायालयात गेले. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार असा निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने दिला. त्या पाच जणांतही कारणांबाबत पूर्ण एकमत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे; पण न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडलेली कसोटी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. पुस्तक का काढले, याचा हेतू पाहा. त्यातील विचार पटत नाहीत म्हणून ते काढले असेल तर ते गैर आहे. शैक्षणिक दृष्ट्या ते अयोग्य ठरले म्हणून काढले असेल तर तो वेगळा विषय आहे. तुमच्या मंडळातही हाच प्रश्न विचारला जावा.

तुम्हाला स्वतःला कादंबरी आवडली नाही, आणि त्यामुळे तिच्या बाजूने उभे राहण्याचा आपल्याला अधिकार नाही असे तुम्हाला वाटत असावे. मला उलट वाटते. आवडलेल्या पुस्तकाची बाजू कोणीही घेतो. तुम्ही न आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलाल, तेव्हा तुमच्या शब्दाला वजन येईल, कारण त्यात तुमचा स्वार्थ नाही हे सर्वांना दिसेल. ग्रंथालयात एखादे पुस्तक असणे म्हणजे ग्रंथपालाने त्यातील मताला दिलेली संमती नव्हे. अमेरिकी ग्रंथालय संघटना आणि तेथील प्रकाशकांनी 1953 मध्ये वाचनस्वातंत्र्याचे जे संयुक्त निवेदन काढले, त्यात हा मुद्दा आवर्जून नोंदवला होता. त्याच वर्षी लेस्टर ॲशहाइम या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकाने पुस्तक निवडणारा आणि पुस्तक नाकारणारा यांतील फरक एका लेखात मांडला. निवडणारा माणूस पुस्तक ठेवण्यासाठी कारणे शोधतो, त्यातील दोषांबरोबर गुणही तोलतो, पूर्ण पुस्तकाचा विचार करतो. नाकारणारा माणूस काढून टाकण्यासाठी कारणे शोधतो, आणि एखादा परिच्छेद सापडला की त्याचे काम संपते. तुम्ही त्या कादंबरीची निवड केली तेव्हा काही कारणे असतीलच : लेखकाचे साहित्यातील स्थान, समीक्षा, वाचकांची मागणी, विषय. ती कारणे आठवा आणि कागदावर उतरवा. त्या वेळी कारण नोंदवले नसेल तर आता लिहा, मात्र आता लिहीत आहोत ही गोष्ट लपवू नका.

तुमच्या मुलीबद्दल मात्र मी तुमच्याशी वाद घालणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीने काय वाचावे याविषयी आईचे मत असणे स्वाभाविक आहे, आणि तिला ‘थोडी थांब, आपण बरोबर वाचू’ असे सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. 1989च्या बालहक्क करारात मुलांना माहिती शोधण्याचा व मिळवण्याचा हक्क दिला आहे, आणि मुलाच्या वाढत्या समजेनुसार त्याला मार्गदर्शन करण्याचा पालकांचा अधिकारही मान्य केला आहे. त्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. पण तुमचा हा अधिकार तुमच्या मुलीपुरता आहे. शेजारच्या घरातील आईला आपल्या मुलाने ते पुस्तक वाचावे असे वाटत असेल, तर तिच्या वतीने तुम्ही ठरवू शकत नाही, आणि निवेदनावर सही करणारेही ठरवू शकत नाहीत. शिवाय ती मागायला आलेली मुलगी महाविद्यालयात शिकते. तिच्या वाचनाला आईच्या परवानगीची गरज नाही, मग आमच्या-तुमच्या परवानगीची कशी असेल?

प्रौढांसाठीची कादंबरी बालविभागात लागली असेल तर ती प्रौढ विभागात हलवणे हा योग्य मांडणीचा भाग आहे आणि ते खुशाल करा. मात्र ‘काढू नका, पण संदर्भ विभागात ठेवा, मागेल त्यालाच दाखवा, नाव लिहून घ्या’ अशी तडजोड बैठकीत पुढे येण्याचा बराच संभव आहे, आणि ती ऐकायला फार समंजस वाटते. ती स्वीकारू नका असे मी म्हणेन. मांडणीवरून सहज उचलता येणारे पुस्तक आणि चारचौघांत नाव सांगून मागावे लागणारे पुस्तक यांत मोठे अंतर आहे. संकोची वाचक ते अंतर ओलांडत नाही. कपाटाला काच बसवली तरी ते कपाटच राहते.

बैठकीपुढे तुम्ही नुसता प्रश्न घेऊन जाऊ नका. निवेदन कसे हाताळायचे याची एक रीतही बरोबर न्या. तुमच्या ग्रंथालयाचे लेखी ग्रंथनिवड धोरण नसावे असा माझा अंदाज आहे, कारण ते असते तर तुम्ही त्याचा उल्लेख केला असता. दोन पानांचे धोरणही पुरेसे आहे. पुस्तके कोणत्या निकषांवर घेतली जातात, कोण घेते, जीर्ण किंवा कालबाह्य पुस्तके कोणत्या कारणांनी बाद केली जातात, आणि एखाद्या पुस्तकावर आक्षेप आला तर काय करायचे, हे त्यात यावे. आक्षेपासाठी एक अर्ज ठेवा. अर्जदाराने पूर्ण पुस्तक वाचले आहे का, कोणत्या पानांवरील मजकूर खटकतो, त्यामुळे काय नुकसान होईल असे वाटते, ग्रंथालयाने काय करावे अशी अपेक्षा आहे, आणि याच विषयावरचे दुसरे कोणते पुस्तक ग्रंथालयाने घ्यावे असे ते सुचवतील, एवढे प्रश्न त्यात असावेत. शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. वेगळी बाजू मांडणारे चांगले पुस्तक त्यांनी सुचवले तर ते आनंदाने घ्या. संग्रह एकांगी आहे ही तक्रार कधी कधी खरी असते, आणि तिचे उत्तर पुस्तक वाढवून देता येते.

आलेल्या अर्जावर तीन किंवा पाच जणांच्या समितीने विचार करावा. त्यात ग्रंथपाल असावा, मंडळाचा एक सदस्य असावा, आणि या वादात कोणत्याही बाजूने नसलेला एखादा चोखंदळ वाचक असावा. प्रत्येकाने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेच पाहिजे. न वाचलेल्या सदस्याला मत देता येणार नाही, असा नियमच करा. ठरावीक मुदतीत, समजा पंचेचाळीस दिवसांत, कारणांसह लेखी निर्णय द्यावा, तो अर्जदारांना कळवावा आणि त्याविरुद्ध मंडळाकडे अपील करण्याची सोय असावी. एकदा निर्णय झाला की त्याच पुस्तकाचा विचार दोन-तीन वर्षे पुन्हा होणार नाही हेही लिहून ठेवा, नाहीतर दर महिन्याला नवे निवेदन येईल. आणि या सर्व काळात पुस्तक मांडणीवरच राहील. ही अट सुटली तर बाकी सगळी रीत निरर्थक ठरते, कारण मग नुसता अर्ज करणे हेच पुस्तक काढण्याचे साधन होते.

या मुदतीत निवेदन देणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना बोलावून त्यांचे म्हणणे शांतपणे ऐका. मध्ये बोलू नका, पुस्तकाची बाजू मांडू नका, आश्वासनही देऊ नका. फक्त ऐका आणि टिपण करा. आपले म्हणणे कोणीतरी नीट लिहून घेतले एवढ्यानेही माणसे बरीच निवळतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. सही करणाऱ्यांपैकी सगळ्यांनी पुस्तक वाचलेले नसेल हेही ध्यानात असू द्या, पण त्यावरून कोणाला कमी लेखू नका. उलट, ज्याला वाचायचे असेल त्याला ती प्रत द्या.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. ‘हे पुस्तक आजवर कोणी कोणी नेले’ असे तुम्हाला विचारले जाण्याची शक्यता आहे. निवेदन देणारे विचारतील किंवा मंडळातील कोणी सहज विचारेल. देवघेवीची नोंद पुस्तक परत येण्यासाठी ठेवलेली असते, वाचकाच्या मनाचा माग काढण्यासाठी नव्हे. कायदेशीर, लेखी आदेशाशिवाय ती कोणालाही दाखवू नका. आपण काय वाचतो हे चव्हाट्यावर येईल अशी भीती बसली की वाचक अवघड विषयांची पुस्तके मागणेच सोडून देतो, आणि मग पुस्तक मांडणीवर असून नसल्यासारखे होते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : नावडते पुस्तक घरी नेऊन परत न करणे, हा ते नाहीसे करण्याचा जुना मार्ग आहे. मुदत उलटली तर नेहमीप्रमाणे स्मरणपत्र द्या, आणि प्रत गहाळ झालीच तर नियमानुसार भरपाई घेऊन नवी प्रत मागवा.

आता नोकरीबद्दल. काही होणार नाही, असा खोटा दिलासा मी तुम्हाला देणार नाही. ओक्लाहोमा राज्यातील बार्टल्सव्हिल येथे रूथ ब्राउन या बाई तीस वर्षे ग्रंथपाल होत्या. 1950 मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. ग्रंथालयात डाव्या विचारांची नियतकालिके ठेवली असा आरोप पुढे केला होता, पण वंशभेदाविरुद्ध त्यांनी चालवलेले काम हे खरे कारण होते. अशी किंमत माणसांनी मोजली आहे, आणि ती तुम्ही मोजलीच पाहिजे असे सांगण्याचा मला अधिकार नाही. ज्यांच्यावर घर अवलंबून आहे त्यांना सुरक्षित अंतरावरून शौर्य शिकवणे सोपे असते, म्हणून मी तुम्हाला एका वेगळ्या ग्रंथपाल बाईंची गोष्ट सांगते.

कॅलिफोर्नियातील कर्न काउंटीच्या प्रशासक मंडळाने ऑगस्ट 1939 मध्ये जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ या कादंबरीवर आपल्या ग्रंथालयांत व शाळांत बंदी घातली. त्या कादंबरीतील स्थलांतरित मजुरांचे हाल त्याच भागात घडत होते, हे बंदीमागचे एक मोठे कारण होते. ग्रेचन नीफ या तेथील ग्रंथपाल होत्या. त्यांनी मंडळाला पत्र लिहून बंदीला विरोध केला आणि ती उठवण्याची विनंती केली. मात्र आदेश लेखी व अधिकृत होता, म्हणून तो पाळलाही. त्यांची नोकरी राहिली, त्यांचे पत्रही राहिले. जानेवारी 1941 मध्ये ती बंदी उठली. त्या दीड वर्षात पुस्तक वाचकांना मिळाले नाही ही हानी खरीच. पण कोणी, कधी आणि का ते काढले हे सर्वांना माहीत होते, म्हणूनच ते परत आणता आले.

तुमच्या मंडळाने बहुमताने पुस्तके काढण्याचे ठरवले, तर तुमच्यापुढेही हा मार्ग आहे. निर्णय लेखी मागा, त्यात कारणे लिहिण्याचा आग्रह धरा, ग्रंथपाल म्हणून तुमचे विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि तालिकेत पुस्तक उपलब्ध दाखवणे थांबवून ‘मंडळाच्या अमुक तारखेच्या ठरावानुसार काढले’ अशी खरी नोंद करा. एवढे केलेत तर तुमच्या हातून वाचकाची फसवणूक होणार नाही. आदेशाविरुद्ध आणखी पुढे जायचे की नाही, हे त्या वेळी घरच्या परिस्थितीकडे पाहून तुम्हीच ठरवा. त्याआधी ग्रंथपालांच्या संघटनेशी बोला, जवळपासच्या दोन-चार ग्रंथपालांना विश्वासात घ्या आणि जमल्यास एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या. तुम्ही पत्रात ‘एकटीने’ असे लिहिले आहे. ते एकटेपण मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण दबाव नेहमी एकट्या माणसाला बाजूला घेऊनच टाकला जातो. आणि कोणी धमकी दिली किंवा घोळका करून आत आले, तर मात्र पुस्तकापायी स्वतःला संकटात घालू नका. आधी स्वतःची व वाचकांची सुरक्षा पाहा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि काही दिवस ग्रंथालयात एकट्या थांबू नका.

आता त्या मुलीकडे वळते. ती ‘पुन्हा येईन’ म्हणून गेली आहे, पण ती येईलच असे नाही. ती सभासद आहे, तेव्हा तिचा संपर्क तुमच्या नोंदवहीत असेल. पुस्तके जागेवर लावलीत की त्याच दिवशी, कोणत्याही वाचकाला जसे कळवता तसे तिला कळवा, की तुम्ही मागितलेली कादंबरी उपलब्ध आहे आणि तुमच्यासाठी तीन दिवस राखून ठेवली आहे. ती आली आणि पुस्तक इतक्यात कसे परत आले असे तिने विचारले, तर खरे सांगा : पुस्तक बाहेर गेले नव्हते, ते बाजूला ठेवले होते, आणि मी तुम्हाला चुकीचे सांगितले. यापेक्षा अधिक खुलासा देण्याची गरज नाही. मग नेहमीसारखी नोंद करून, परतीची तारीख घालून पुस्तक तिच्या हाती द्या.